दाताच्या मुळाच्या सर्जरीनंतर चेहरा सुजलाय? आधी आरसा बाजूला ठेवा

दादा, वहिनींची काल वरच्या पुढच्या दाताची एपिकोएक्टमी (मुळाचं टोक कापायची सर्जरी) झाली आणि आज ओठापासून डोळ्याखालपर्यंत सूज आली म्हणून तुम्ही घाबरलात, पण हे होतंच. हिरडी उघडून मुळाचं टोक, साधारण ३ मिमी, कापतात, हाडातून जातात, मग सूज येणारच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. माझा तर गाल निळा-पिवळा झालेला, ऑफिसात सगळे विचारत होते कोणाशी मारामारी केली.

बर्फाचा शेक पहिल्या दिवशीच, फडक्यात गुंडाळून, बाहेरून. आजपासून कोमट मीठपाणी, पण खळखळून नाही हं, नुसतं तोंडात धरून मान इकडे-तिकडे कलती करायची आणि हळूच सोडून द्यायचं.

आणि एक चूक मी केली ती वहिनींना करू देऊ नका. टाके कसे दिसतात बघायला मी आरशासमोर ओठ वर ओढला आणि एक टाका सुटला, परत रक्त, परत खुर्चीत. ओठाला हात लावायचाच नाही, त्या दाताजवळ ब्रशही नको, बाकीचे दात मात्र घासायचे.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर लगेच वरून चहा नको, दातांवर तपकिरी डाग पडतात (चवही जाते काही दिवस, वरण आणि ताक सारखंच लागतं). खायला गार करून मऊ खिचडी, दूध-पोळी कुस्करून. चिवडा, शेंगदाणे, भाकरी बंद. तंबाखू-सिगारेटची सवय असेल तर तीही बंद, जखम भरायला उशीर होतो त्याने. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका.

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, पू आला तर डॉक्टरांना फोन. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनबिन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

टाके बहुतेक आठवड्याच्या आत-बाहेर काढतात, पण हाड भरायला महिने लागतात, म्हणून ६ महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे. दुखत नाही म्हणून मी टाळत होतो, बायकोने ओढत नेलं तेव्हा मुळाच्या टोकाशी असलेला काळा डाग, म्हणजे हाड गेलेली जागा, निम्म्यावर आला होता, वर्षाच्या एक्स-रेत शोधावा लागला.