चाळिशीला आलेली माणसं अजून गेम का खेळतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचे यजमान ३७ वर्षांचे आहेत, नोकरी आणि घर दोन्ही नीट सांभाळतात, पण रात्री जेवणं झाली की दीड तास गेम घेऊन बसतात. एवढं काय असतं त्यात, असा तुमचा प्रश्न आहे. मी ४३ वर्षांची आहे आणि मीही खेळते, म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

बहुतेक जण सांगतील की टेन्शन जातं. टेन्शन घालवायला टीव्हीही पुरतो. माझ्या मते खरं कारण असं की खेळात प्रत्येकाची पाळी येते, आणि ती आली की बाकीच्यांना थांबावंच लागतं. घरात, ऑफिसात, लग्नाच्या बैठकीत कितीतरी माणसांची पाळी कधी येतच नाही.

माझं लहानपण साताऱ्यात गेलं. घराजवळ एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. चार मशिनं, आत दिवा नाही, उजेड काय तो पडद्यांचा. मुलगी म्हणून तिथे मी एकटीच. दादा मला न्यायला तयार नसायचा, पण आई म्हणायची, "तिला नेणार नसशील तर तूही जायचं नाही." मग नाइलाजाने न्यायचा. तिथे मुस्तफा होता. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. ते नाव आम्हाला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. चार पात्रांतला टोपीवाला मुस्तफा सगळ्या पोरांना हवा असायचा, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा. तो दादा घ्यायचा आणि मला हॅना.

घरी दादा माझं एक ऐकत नसे. तिथे मात्र त्याची लाइफ संपत आली की (वाटेत सापडलेलं खाणं उचललं की ती भरते) तोच ओरडायचा, "ते खाणं मला ठेव, तू उचलू नकोस!" मी कधी ठेवायचे, कधी नाही. ठरवणारी मी होते. हॅना मेली तर बॉसपुढे, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या दांडग्या शत्रूपुढे, आपण एकटे पडणार हे त्याला पक्कं कळत होतं. बारा वर्षांच्या मुलीला एवढी किंमत मला तरी दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

आता आईची गोष्ट. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आई, दादा, वहिनी आणि मी पुण्यात एकाच घरात अडकलो. माझ्याकडे 'पॅन्डेमिक' नावाचा बोर्डगेम होता. मॅट लीकॉक या अमेरिकन माणसाने केलेला हा खेळ २००८ मध्ये आला. यात एकमेकांना हरवायचं नसतं. जगाचा नकाशा, चार रंगांचे रोग, आणि सगळ्यांनी मिळून चारही रोगांवर उपाय शोधायचा. जिंकलो तर सगळे, हरलो तरी सगळे. बाहेर जे चाललं होतं ते बघता हा खेळ काढावा की नाही, असं मला दोन दिवस वाटत होतं. शेवटी आईच म्हणाली, "काढ गं, निदान इथे तरी आपल्या हातात काहीतरी असेल."

पहिल्या दोन संध्याकाळी खेळ रंगलाच नाही. दादा सगळ्यांच्या चाली ठरवायचा. "आई, तू इकडे जा. तू हे पान हिला दे." अशा एकत्र खेळायच्या खेळांचा हा जुनाच दोष आहे. एक माणूस हुशार निघतो, बाकीचे नुसते त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. आई काही बोलत नव्हती. पानं मात्र बघत होती.

इथे एक नियम सांगायला हवा. दर पाळीला शहरांची पानं उघडतात आणि त्या शहरांत रोगाचे ठोकळे पडतात. उघडलेली पानं बाजूला जातात. मध्येच एपिडेमिकचं पान निघालं की बाजूची सगळी पानं पिसून पुन्हा गड्डीच्या वर ठेवायची. एखाद्या शहरात तीन ठोकळे असताना तिथे चौथा पडायची वेळ आली, तर रोग फुटून शेजारच्या प्रत्येक शहरात पसरतो. असे आठ उद्रेक झाले की खेळ संपला.

तिसऱ्या दिवशी वहिनीच्या पाळीला दुसरं एपिडेमिक निघालं. बाजूला सात पानं होती, ती पिसून वर गेली, त्यातली दोन लगेच उघडली. मुंबईत तीन ठोकळे, कराचीत तीन. पुढची पाळी आईची, सोंगटी दिल्लीत. दादाचं सुरू झालं, "आई, दिल्लीतच थांब आणि ते पान..." आई म्हणाली, "थांब जरा. सात होती, दोन गेली, पाच राहिली. त्यात मुंबई आहे. आता वरच्या पाचात कुठेतरी ती निघणारच." आणि मुंबई फुटली तर शेजारची कराचीही फुटते, हे तिने बोट ठेवून दाखवलं. एका पाळीत चार कामं करता येतात. दिल्लीहून मुंबई हे एक, तीन ठोकळे उचलायची तीन. मुंबई साफ झाली. मग तिने शहराची दोन पानं उघडली, तर दुसरंच पान मुंबईचं!

आमच्यापैकी कुणीही पानं मोजत नव्हतं. ती चाळीस वर्षं मेंढीकोट खेळलीय. कुठली दश्शी पडली आणि कुठली अजून कुणाच्या हातात अडकलीय, हे तिला डोळे मिटूनही सांगता येतं. घरात तिच्या या डोक्याचा उपयोग कुणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. त्या रात्रीपासून आमच्याकडे एक नियम झाला. ज्याची पाळी त्याने मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दादाला तो जड गेला, पण त्याने पाळला.

तुमचे यजमान बहुधा एकटेच खेळत असतील. तिथे पाळी कोण देतं? मशिन देतं. टेट्रिस घ्या. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी केला, नुसते सात आकार. एक तुकडा वरून येतो, तो कुठे बसवायचा हे तुम्हीच ठरवायचं आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे दिसतं. मी ऑफिसात जूनमध्ये सुचवलेली गोष्ट पुढच्या मार्चमध्ये अमलात येते, आणि तोवर ती माझी राहिलेली नसते. दिवसभर असं काम केलेल्या माणसाला स्वतःच्या निर्णयाचं फळ डोळ्यांसमोर बघायची भूक लागते. तो दीड तास मला त्या भुकेचा वाटतो.

काळजी कधी करायची तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची व्याख्या केली आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान होत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालू राहतं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही. पैसे लावून खेळणं मात्र वेगळी गोष्ट आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तो मला योग्य वाटतो. फोनवर तसलं काही नाही ना, एवढं एकदा मोकळेपणाने विचारून घ्या.

आणि एक सुचवते. त्यांना 'इट टेक्स टू' आणायला सांगा. २०२१ चा गेम आहे, घटस्फोटापर्यंत आलेल्या जोडप्याची गोष्ट आहे, आणि तो एकट्याला खेळताच येत नाही. पडदा मधोमध दुभागलेला असतो, अर्ध्यात ते आणि अर्ध्यात तुम्ही. सुरुवातीला उड्या चुकतील, तुम्ही सारख्या पडाल, पण दुसरा उभा असेल तोवर बहुतेक ठिकाणी पुन्हा लगेच उठता येतं. त्यांनी "आता हे बटण दाब" असं सांगायला सुरुवात केली, तर आमच्या घरचा नियम त्यांना वाचून दाखवा. दुसरा कंट्रोलर लागेल, तेवढा आधी घेऊन ठेवा.