सुई, तबकडी आणि नागपूरचा मे महिना

घरातल्या जुन्या रेकॉर्डांबद्दल लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं आणि भरपूर पत्रं आली. गणपतीच्या मांडवातला कर्णा, लग्नघरात दिवसभर उलटसुलट होणाऱ्या ईपी (दोन-चार गाण्यांच्या लहान तबकड्या), आधी रेडिओवर ऐकलेलं गाणं तबकडीवर घरी आल्याचा आनंद. बहुतेक पत्रांची सुरुवात आठवणीने आहे आणि शेवट प्रश्नाने. सगळ्यांना एकच विनंती. खालचा कोणताही उपाय करण्याआधी आपली तबकडी कशाची आहे ते ओळखा. जड, न वाकणारी, पडली की फुटणारी आणि मिनिटाला 78 फेऱ्यांची असेल तर ती लाखेची. हलकी, हातात किंचित लवणारी, 33⅓ किंवा 45 फेऱ्यांची असेल तर विनाइलची. या दोघींना लागणारी सुई वेगळी, धुण्याची रीत वेगळी आणि सोसणारी उष्णताही वेगळी.

आईच्या एलपी (जास्त गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) स्लॅबखालच्या माळ्यावर होत्या. या उन्हाळ्यानंतर काढल्या तर पापडासारख्या वाकल्या आहेत. सरळ होतील का? (एक वाचक, धंतोली)

काही होतील, काही नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना तापलेल्या स्लॅबखालचा बंद माळा त्याहून गरम असतो. विनाइल वितळायच्या कितीतरी आधी नरम पडतं, आणि साठ अंशांच्या आसपास तर स्वतःच्याच वजनाने आकार सोडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हे तापमान सहज गाठलं जातं, म्हणून रेकॉर्ड आणताना वाटेत बाजार करायला थांबू नका.

आधी तबकडी लावून बाजूने बघा. नुसता काठ दोन-तीन मिलिमीटर वरखाली होत असेल आणि सुई उडत नसेल, तर तिला हात लावू नका. ती आहे तशी वाजते. लाट मोठी असेल तर 10 मिलिमीटर जाडीच्या, 35 सेंटिमीटर चौरस अशा दोन काचा कापून आणा. काचा आणि तबकडी दोन्ही स्वच्छ पुसा, कारण मध्ये अडकलेला धुळीचा एक कण दाबाने खाचेत कायमचा रुततो. तबकडी मध्ये ठेवून वर चार-पाच किलो वजन सगळीकडे सारखं पसरेल असं ठेवा आणि हे सगळं कूलर नसलेल्या बंद खोलीत, सपाट फरशीवर दोन-तीन आठवडे राहू द्या. मे महिन्यात अशा खोलीत चाळीसच्या पुढे तापमान असतं, तेवढी ऊब पुरते.

काचा उन्हात ठेवायचा सल्ला अनेकजण देतात. विनाइलसाठी तो मानू नका. काचेखाली उष्णता झपाट्याने चढते आणि खाचांच्या भिंती आधी नरम पडतात. तबकडी सपाट होते, पण त्यानंतर ती कायम सळसळते, आणि ती सळसळ कोणत्याही सुईने जात नाही. इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र यांनीही हेच होतं. बशीसारखी खोलगट झालेली तबकडी मात्र क्वचितच पूर्ण सरळ होते.

लाखेची तबकडी याहून लवकर नरम पडते. तिला दोन काचांमध्ये घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं, मग वजनाखाली सावलीत थंड होईपर्यंत ठेवलं तर बरेचदा जमतं. तडा असेल तर मुळीच करू नका.

पुढच्या उन्हाळ्यासाठी: तबकड्या खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीशी, ताठ उभ्या ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा. तिरक्या रेलून ठेवलेल्या तबकड्या माळ्याशिवायही वाकतात. कव्हरसकट पन्नास एलपींचं वजन बारा-तेरा किलो भरतं, म्हणून फळी किमान 18 मिलिमीटरची हवी आणि दर फूटभर अंतरावर उभा आडोसा हवा. कूलरच्या झोताची खोली तर नकोच. ओल्या हवेने पुठ्ठ्याची कव्हरं फुगतात आणि तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात.

आमचा पेटीसारखा प्लेअर फिरतो, पण आवाज अगदी कानाशी नेल्यावर येतो. मेकॅनिक म्हणतात, अॅम्प्लिफायर बदला. (एक वाचक, महाल)

घाई करू नका. या जातीच्या यंत्रात सगळ्यात आधी मरतो तो पिकअपचा, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाचा, क्रिस्टल. 1950-60 च्या काळातल्या स्वस्त पिकअपमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असे. तो हवेतली ओल ओढून विरघळतो आणि पंचावन्न अंशांच्या आसपास कायमचा निकामी होतो. म्हणजे नागपूरचा पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही त्याच्या जिवावर उठलेले. प्लेअर कपाटात न वापरता पडून होता म्हणून तो वाचला असेल, असं समजू नका.

खात्री अशी करा. यंत्र बॅटरीवर चालत असेल तर विजेची वायर भिंतीतून काढून ते बॅटरीवर लावा, आवाज पूर्ण वाढवा आणि पिकअपच्या मागे जोडलेल्या बारीक तारांना बोटाने स्पर्श करा. स्पीकरमधून मोठी घरघर किंवा खरखर आली, तर अॅम्प्लिफायर ठणठणीत आहे. फक्त विजेवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रावर हा प्रयोग कदापि करू नका. त्यातल्या काहींना ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतल्या धातूच्या सांगाड्यातच थेट वीज असू शकते.

पिकअपच गेला असेल तर त्याजागी सिरॅमिक पिकअप बसवा. तो काही शे मिलिव्होल्ट देतो, जुन्या अॅम्प्लिफायरला तेवढंच लागतं, आणि ओलीने बिघडत नाही. मॅग्नेटिक पिकअप चांगला असतो म्हणून कोणी तो सुचवला तर नको म्हणा. तो जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट देतो, त्याला वेगळा फोनो प्रीअॅम्प (क्षीण सिग्नल आधी वाढवणारी पेटी) लागतो आणि पिकअप धरणाऱ्या या दांडीच्या वजनाखाली त्याची सुई वाकते. नवा पिकअप स्टिरिओ आणि यंत्र मोनो असेल, तर डाव्या-उजव्या बाजूच्या सिग्नलच्या तारा एकत्र जोडायच्या आणि दोन अर्थिंगच्या तारा एकत्र. डाग देताना तारेवरची टोपी आधी पिनेवरून काढा. पिकअपला थेट सोल्डर लावला तर उष्णतेने तोही जातो.

मग वजन. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर सुई टेकवा. मात्र सुईची उंची तबकडी असते तेवढीच ठेवा. सिरॅमिकला चार ते सहा ग्रॅम पुरतात. आकडा आठ-नऊच्या पुढे दिसला तर दांडीखालची स्प्रिंग ताणून तो कमी करा. त्याआधी घरातली एकही आवडती तबकडी लावू नका. यंत्र पुन्हा दुरुस्त होतं, घासलेली खाच होत नाही.

पिकअपला उलटणारी चिमुकली दांडी असते, एका बाजूला 78 आणि दुसऱ्या बाजूला एलपी लिहिलेली. तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि मग ‘जुनी रेकॉर्ड खरखरते’ अशी तक्रार येते. 78 ची खाच रुंद, तिला साधारण 75 मायक्रॉन टोकाची सुई. एलपी आणि ईपीला 18 ते 25 मायक्रॉन. एलपीची सुई 78 च्या खाचेत तळाशी घसरत चालते आणि तिथला कचरा वाजवते. नीलमाची सुई सुमारे पन्नास तासांत घासते, हिऱ्याची पाचशेच्या पुढे जाते. किमतीतला फरक देऊन हिऱ्याचीच घ्या.

भावाने अमेरिकेहून चांगला जुना टर्नटेबल आणला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, तरी सगळी गाणी रडल्यासारखी वाजतात. (एक वाचक, रामदासपेठ)

ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 120 करतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. तिकडे ती 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. जुन्या यंत्रांची मोटर त्या वारंवारतेवरच फिरते, म्हणून 33⅓ च्या जागी तुमची तबकडी 27.8 फेऱ्या घेते. काळी तीनचं गाणं जवळजवळ काळी दोनमध्ये उतरतं. उपाय मोटरच्या दांड्यावरची पुली बदलण्याचा: 50 हर्ट्झची पुली सहास पाच या प्रमाणात मोठ्या व्यासाची असते. काही मॉडेलना दोन्ही पुल्या मिळतात. नाहीतर लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या, पण ती किंचितही वाकडी फिरली तर गाणं डोलतं. डीसी मोटरच्या यंत्राला ही अडचण नसते.

नंतर वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती लागेल. इथेही तीच गफलत होते. इंटरनेटवरच्या कित्येक चकत्या 60 हर्ट्झच्या असतात, 33⅓ साठी 216 रेघांच्या. आपल्याला 180 रेघांची हवी. 45 साठी 133 आणि 78 साठी 77. विजेच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. चांगला एलईडी दिवा पुरेसा लुकलुकत नाही, त्याखाली काहीच दिसणार नाही. निऑनचा छोटा इंडिकेटर जवळ धरा.

बेल्ट सैल असला तरीही वेग पडतो. त्याच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून पाच ते आठ टक्के कमी घेराचा बेल्ट मागा: दोरा 60 सेंटिमीटर भरला तर 55 ते 57 चा. बेल्टऐवजी रबरी चाक असेल, तर यंत्र बंद करताना वेगाची कळ ‘बंद’वर आणायची सवय ठेवा. चाक पुलीला टेकलेलं राहिलं की त्यावर खळगा पडतो आणि मग गाण्यामागे ठराविक ठोके ऐकू येतात.

पणजोबांच्या एका तबकडीत गाणं संपताच गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. असं का? (एक वाचक, सदर)

जपून ठेवा, ती फार जुनी आहे. 1902 मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं, त्यात गायिका गौहर जान होत्या. मेणावरच्या मूळ ध्वनिमुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कामगारांना आपली भाषा कळत नसे, गाणाऱ्याचं नाव ऐकू आलं की कोणतं लेबल लावायचं ते समजे.

ग्रामोफोनची एक सुई किती गाणी चालवायची? त्यावर एलपी लावली तर चालेल का? (एक वाचक, इतवारी)

एलपी अजिबात नाही. साउंडबॉक्सचं (सुई बसवलेल्या, आवाज काढणाऱ्या गोल डबीचं) वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं, एका फेरीतच खाच खरवडली जाते.

पोलादी सुई एका बाजूला एकच. लाखेच्या मिश्रणात दगडाची पूड असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईचं टोक खाचेच्या आकाराचं घासते. बाजू संपेपर्यंत टोकाला धार येते आणि तीच सुई दुसऱ्या तबकडीवर लावली की ती धार खाच कापते. सुया नव्या मिळतात. जाड सुईचा आवाज मोठा, बारीकचा हळू. जुन्या तबकडीला बारीक लावा. आवाज फुटत असेल तर साउंडबॉक्समधले रबरी गॅस्केट कडक झालेत, ते बदलून घ्या. मोटरचा वेग सारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरला शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नका, ती सुटली तर बोटं तोडते.

पितळी कर्ण्याचे नवे-जुने भाग जोडून ‘अँटिक’ म्हणून विकलेले ग्रामोफोन सगळीकडे आहेत. चकचकीत पातळ कर्णा, आठ कोनी नवी पेटी आणि कुत्र्याच्या चित्राची नवीकोरी पट्टी दिसली तर शोभेची वस्तू म्हणून घ्यायचं असेल तरच घ्या.

रेकॉर्ड धुवायच्या कशाने? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (एक वाचक, मानेवाडा)

बोअरचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. विनाइलसाठी एक लिटरमध्ये भांड्यांच्या साध्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब. लेबलवर प्लॅस्टिकचं झाकण धरा, मऊ मायक्रोफायबर फडक्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं घासू नका. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा, आणि ताटांच्या स्टँडमध्ये सावलीत उभी वाळवा. बुरशी असेल तर पाण्यात दहा ते वीस टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालता येतं. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोल, स्पिरिट, कोलन वॉटर काहीही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते आणि गाणं कायमचं जातं. तिला साबणाच्या पाण्यात पिळलेलं ओलसर फडकं आणि लगेच कोरडं. भिजत ठेवू नका, काहींच्या आतला गाभा पाणी पितो. जुनं कव्हर परत वापरू नका, बुरशी त्यातच असते.

वडिलांच्या संग्रहातली गाणी संगणकात घ्यायची आहेत. (एक वाचक, प्रतापनगर)

आधी धुणं, मग नवी सुई, मग मुद्रण. हा क्रम उलटला की पुन्हा सगळं करावं लागतं. मॅग्नेटिक पिकअप असेल तर फोनो प्रीअॅम्पमधून यूएसबी इंटरफेसमध्ये जोडा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे सहा डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. मिनिटाला सुमारे 17 एमबी लागतात, म्हणजे एलपीची बावीस मिनिटांची एक बाजू पावणेचारशेच्या आसपास. कूलर, पंखा बंद ठेवा, विशेषतः टर्नटेबल लाकडी फरशीवर किंवा हलत्या टेबलावर असेल तर.

78 ची मुद्रणं स्टिरिओत घ्या आणि मग दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा. खाचेतल्या उभ्या हालचालीचा कचरा त्यात बराच कटतो. यंत्रात 78 चा वेगच नसेल तर 45 वर मुद्रित करून संगणकात 1.733 पट वेग वाढवा, पण सुई 78 चीच लावा. खरखर काढणारा फिल्टर हलका ठेवा. जास्त झाला की तबल्याची थाप बोथट होते आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ गिळले जातात. न साफ केलेली मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि तिच्याबरोबर लेबलचा फोटो व शेवटच्या खाचेपुढच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक लिहून ठेवा.