कंटेनर मर्यादेत असूनही सगळ्यांचं नेटवर्क का अडतं?

तुमचा प्रश्न असा: ८ जीबीच्या लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक कंटेनरला (म्हणजे स्वतंत्र कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमला) मेमरीची मर्यादा घातली आहे, कोणीच ती ओलांडत नाही, मेमरी संपली की प्रोसेस मारणारा ओओएम किलरही येत नाही, तरी मधूनच सगळ्यांचं नेटवर्क एकदम संथ होतं.

कारण सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्क कनेक्शनच्या टोकाच्या, मेमरीची नोंद कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन वह्यांत करतो. एक वही कंटेनरची, म्हणजे सीग्रुपची (कंटेनरला मर्यादा घालणारी कर्नलची सोय). दुसरी अख्ख्या मशीनची, तिची मर्यादा टीसीपी_मेम या कर्नलच्या सेटिंगमध्ये असते. तुम्ही फक्त पहिलीला हात लावला आहे. दुसरी सगळ्या कंटेनरांची सामाईक. नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे प्रत्येक कंटेनरला दिसणारं स्वतःचं नेटवर्क, वेगळी असली तरी ती वेगळी होत नाही.

टीसीपी_मेममध्ये तीन आकडे असतात, तेही बाइटमध्ये नाही, पेजमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांत. मशीन सुरू होताना कर्नल ते स्वतःच ठरवतो: मधला, म्हणजे दबावाचा आकडा मेमरीच्या साधारण ६.२५ टक्के आणि शेवटचा ९.३७ टक्के. तुमच्या मशीनवर हे झाले सुमारे ५०० आणि ७५० एमबी. कंटेनरला २ जीबी दिले असतील तर तो आपल्या मर्यादेत राहून एकटाच ही सामाईक वही भरू शकतो.

सांगलीत एका साखर कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. गळीत हंगामात शेतकी विभागाची माणसं उसाच्या फडांचे फोटो फोनवरून पाठवतात. एकदा ते घेणारा प्रोग्रॅम डिस्कवर अडकला. शेकडो कनेक्शनांतून डेटा येत राहिला, वाचणारं कोणी नाही, सगळा सॉकेटमध्येच साचला. सीग्रुपच्या मेमरी.स्टॅटमधली सॉक ही सॉकेटची मेमरी दाखवणारी ओळ फुगली होती, पण मर्यादा अजून लांब होती. बंद पडला तो वजनकाट्याचा कंटेनर, ज्याचा यात काहीच संबंध नव्हता! वजनाच्या पावत्या निघेनात आणि ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, मात्र स्पष्ट लिहिलं होतं: टीसीपीची मेमरी संपली, टीसीपी_मेम वाढवा.

दबावाचा आकडा ओलांडला की कर्नल सगळ्यांचेच रिसीव्ह बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची जागा, आखडते घेतो. शेवटचा ओलांडला की पॅकेट टाकून देतो. दोष कोणाचा हे तो बघत नाही.

सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत टीसीपीसाठी वेगळी मर्यादा घालता येत असे. दुसऱ्या आवृत्तीत सॉकेटची मेमरी कंटेनरच्या एकूण मेमरीतच धरतात, आणि मला हेच बरोबर वाटतं. पण मग त्याच मेमरीला वरून सामाईक मर्यादा कशाला? ज्यांना सीग्रुपची मर्यादा आहे त्यांना सामाईक हिशोबातून वगळावं, असे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, २०२५ मध्ये कर्नलसाठी मांडले गेले.

तोवर टीसीपी_मेम वाढवा. मात्र होस्टवर मर्यादेबाहेर चालणाऱ्या प्रोसेस असतील तर ते बेसुमार वाढवू नका, कारण त्यांना अडवणारी तेवढीच एक मर्यादा आहे. नेटवर्क अडतं त्या क्षणी होस्टवर /प्रोक/नेट/सॉकस्टॅट उघडा. टीसीपीच्या ओळीतला शेवटचा मेम हा आकडाही पेजमध्येच असतो. तो आणि टीसीपी_मेमचे तिन्ही आकडे इथे टाका, म्हणजे कितीपर्यंत वाढवायचं ते सांगता येईल.