डावखुऱ्याने लाकडी बाणांना डाव्या पंखाची पिसं लावावीत की उजव्या? टर्कीचीच हवीत की मोराची चालतील?

मीही डावखुरा आहे, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर पिसांबद्दल मराठीत कोण विचारतं!

कोणत्याही पंखाची लावा. एका बाणावरची तिन्ही पिसं मात्र एकाच बाजूच्या पंखाची हवीत. उजव्या पंखाची असली तर बाण मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, डाव्या पंखाची असली तर उलटा. पिसं जरा तिरकी लावणार असाल तर पिसाचं वळण ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला तिरकी लावा. एकाच बाणावर दोन्हीकडची मिसळलीत की एक पीस इकडे ओढतं, दुसरं तिकडे.

आता डावखुऱ्यांच्या भानगडीकडे येतो. मी इंडियन राउंड, म्हणजे देशी धनुष्याची तिरंदाजी, खेळायचो. बांबूचं धनुष्य, रेस्ट (बाण टेकवायचा आधार) वगैरे काही नाही, बाण मुठीवर ठेवायचा आणि सोडायचा. एका मोसमात माझे बाण सारखे उजवीकडे जायला लागले. मैदानावर एक सर होते, त्यांनी लांबूनच निदान केलं, ‘अरे, तू डावखुरा आणि पिसं उजव्या पंखाची लावतोस, दुसरं काय होणार?’ मग जो येईल त्याला तेच ऐकवत राहिले. नवीन पोरंही मला विचारायला लागली, दादा, तुम्ही चुकीची पिसं का लावता?

घरी बसून एकाच बांबूच्या, एकाच वजनाच्या काड्या निवडल्या. निम्म्यांना डाव्या पंखाची पिसं लावली, निम्म्यांना उजव्या. दुसऱ्या दिवशी सरांच्या समोरच मारले. दोन्ही प्रकारचे बाण उजवीकडेच, एकाच ठिकाणी जाऊन बसले. काडी माझ्या धनुष्याच्या मानाने ताठ होती, एवढाच दोष. डावखुऱ्याचा ताठ बाण उजवीकडे जातो, उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे. त्याच काड्या काचेच्या तुकड्याने तासून बारीक केल्या, पिसांना हातही लावला नाही, आणि दोन्ही प्रकारचे मध्ये यायला लागले. सर म्हणाले, आज वारा नव्हता.

कारण अगदी साधं आहे. बाण धनुष्य ओलांडून जाईपर्यंत स्वतःभोवती जेमतेम फिरलेला असतो. गिरकी पुढे हवेत सुरू होते. मग तो डाव्या बाजूने निघाला की उजव्या, याचा पिसाच्या वळणाशी संबंध येतो कुठे?

हे हरल्यावर सरांनी प्लॅस्टिकच्या वेनचा, म्हणजे पिसांऐवजी लावायच्या पात्यांचा, आग्रह धरला. 2023 ला बर्लिनमध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले, तेव्हापासून प्रत्येक पालकाला पोराच्या बाणावर प्लॅस्टिक हवंय. अहो, ते कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेलं यांत्रिक धनुष्य! तिथे बाण सुटला की रेस्ट खाली पडतो, वेन कशालाच लागत नाही. मुठीवरून सुटणाऱ्या बाणाचं प्लॅस्टिक बोटाच्या पेरावर आपटतं आणि बाणाची शेपूट उडवतं. पीस दबतं, मुठीवरून सरकतं आणि पुढे गेल्यावर परत उभं राहतं. वजनातही चार इंची पीस पाव ग्रॅमच्या आत बसतं, तेवढंच प्लॅस्टिक त्याच्या दुपटीच्या वर जातं. शेपूट जड करून काय मिळवायचंय?

पिसाचा त्रास एकच. देठाचं पुढचं टोक तसंच सोडलंत तर सुटताना ते हातात घुसतं. माझ्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी त्याची खूण अजून आहे. टोक पॉलिश पेपरने उतरतं करा, त्यावर बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे द्या आणि वर गोंदाचा हात फिरवा. नुसत्या फेविक्विकवर भरवसा ठेवू नका.

पंख ओळखायला देठ खाली, टोक वर धरा. देठावर पन्हळ दिसते ती बाजू पलीकडे, गुळगुळीत बाजू तुमच्याकडे. अरुंद पट्टा डावीकडे आला तर पीस उजव्या पंखाचं. बाणाला रुंद पट्टा वापरतात आणि देठाची बाजू बाणाच्या टोकाकडे ठेवतात.

टर्कीची मिळाली तर उत्तम, पण परदेशी पाकिटाची गरज नाही. टर्की पाळणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला पंखाची मोठी पिसं मागा, बहुतेक जण फुकट देतात. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि पिंजऱ्याला घासून झिजलेली असतील ती बाजूला टाका. पाळीव राजहंसाचीही चालतात. कोंबडीची मऊ पडतात.

मोराचं राहिलंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मोराच्या पिसांना जी सूट आहे, ती शेपटीच्या पिसांना. शेपटीचं पीस बाणाला काही कामाचं नाही, त्याचे तंतू सुटे असतात. कामाचं असतं पंखाचं, आणि त्याला ती सूट नाही. घार-गिधाडाच्या वाटेला तर जाऊच नका.

आणि हो, हे सगळं मुठीवरून किंवा धनुष्याच्या लाकडावरून बाण सोडणाऱ्यांसाठी आहे. उंच रेस्ट लावला असेल तर प्लॅस्टिक लावा, माझं काही म्हणणं नाही. पावसात पिसं भिजून चिकटतात, तेव्हा मागच्या बाजूला प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवा. मोसम संपला की डब्यात डांबराच्या दोन गोळ्या टाका, नाहीतर कसर पिसं कुरतडून जाते आणि त्यालाही लोक डावखुरेपणाच कारण सांगतील.