क्रूझवर आतल्या केबिनमधून बाल्कनीत अपग्रेड कसं मिळवायचं? चेक-इनला मागितलं तर देतात का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत सिंगापूरहून 4 रात्रींची क्रूझ आहे, आतली केबिन घेतली आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की काउंटरवर गोड बोलून 'ॲनिव्हर्सरी आहे' म्हटलं की बाल्कनी देतात.

नाही देत. काउंटरवर बसलेली मुलं पासपोर्ट बघतात, फोटो काढतात, कार्ड देतात. खोल्या वाटणं त्यांच्या हातात नसतं. आणि रिकाम्या खोल्या असतात तरी किती? बोटवाले खोलीला दोन माणसं धरून हिशेब करतात, त्यामुळे तिसरं-चौथं माणूस आलं की भरणा 100 टक्क्यांच्याही वर जातो. ॲनिव्हर्सरी सांगितलीत तर फार तर केक मिळेल. टॉवेलचा हत्ती न सांगताही मिळतो.

फुकटात वर जाण्याची थोडीफार आशा 'गॅरंटी' केबिनवाल्यांना. म्हणजे खोलीचा प्रकार घ्यायचा, नंबर कंपनीवर सोडायचा. त्यांना खालच्या खोल्या मोकळ्या करायच्या असल्या तर तुम्हाला वर ढकलतात. नसल्या तर बोटीच्या टोकाची खोली तुमच्या गळ्यात. तुम्ही नंबर निवडून बसला असाल तर तीही आशा सोडा.

उरते ती क्रूझ कंपन्यांची बोली, लिलावात लावतात तशी. रॉयल कॅरिबियनचं 'रॉयलअप', सेलिब्रिटीचं 'मूव्हअप', नॉर्वेजियनचं 'अपग्रेड ॲडव्हांटेज', नावं निराळी, प्रकार एकच: सुटायच्या आधी काही आठवडे मेल येतो, वरच्या केबिनसाठी माणशी किती जास्त द्याल ते सांगा. आता हा मेल. खरं तर या मेलमुळेच मी एवढं लिहायला बसले आहे.

2023 च्या मे महिन्यात आम्ही अलास्काला गेलो होतो. सिॲटलहून 7 रात्री. मी, नवरा, सासूबाई, आणि न्यू जर्सीचे माझे धाकटे दीर, जाऊ नि त्यांची दोन मुलं. बुकिंग सगळं भावजींनी केलं. आम्हा तिघांना एक आतली केबिन, त्या चौघांना दुसरी. आतली केबिन म्हणजे खिडकी नाही, दिवा मालवला की दिवसाढवळ्या काळोख. मी फोनवर एवढंच म्हटलं, "भावजी, आईंसाठी बाल्कनी बघू या का? त्यांच्याने वरच्या डेकवर जाऊन गर्दीत उभं राहवणार नाही."

"वहिनी, केबिनमध्ये फक्त झोपायचं असतं," भावजी म्हणाले. "आणि आईला काय हो, ती लोअर डेकनं मुंबईला आलेली बाई आहे."

हे वाक्य मला लागलं. अजून लागलेलंच आहे.

सासूबाई देवगडच्या. रामदास बोट बुडाली त्या सालचा जन्म, म्हणजे 1947. लहानपणी कोकणबोटीनं मुंबईला यायच्या. पडावातून बोटीला लागायचं, खलाशानं हात धरून वर ओढायचं, मग लोअर डेकवर पथारी टाकून भाऊच्या धक्क्यापर्यंत कुबट हवेत पडून राहायचं. शेजारी कुणाची तरी सुक्या मासळीची टोपली, खालून इंजिनाची धडधड, आणि एकाला बोट लागली की पाठोपाठ दहाजणांना लागायची. अप्पर डेकचं तिकीट जास्त होतं, ते त्यांच्या वडिलांनी कधी काढलं नाही. ही गोष्ट त्या हसत हसत सांगतात. म्हणून भावजींना ती गंमत वाटते.

तर बोलीचा मेल. तो येतो बुकिंगवर ज्याचा पत्ता असेल त्याला. दोन्ही बुकिंगांवर भावजींनी स्वतःचाच ईमेल घातला होता. त्यांना मेल आले, त्यांनी 'पैसे काढायचे धंदे' म्हणून उडवले आणि आम्हाला सांगितलंही नाही. मला कळलं ते पुतणीकडून. आम्ही न्यू जर्सीला पोचलो त्या रात्री ती सहज बोलून गेली, "काकू, बाबांनी बिड नाही केलं, माझ्या मैत्रिणीकडे तर बाल्कनी मिळाली होती." मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलो. कंपनीच्या पानावर बुकिंग नंबर आणि आडनाव लागतं. नंबर आमच्या कागदांवर होता. आणि आडनाव तर एकच! लग्नात बदललेल्या आडनावाचा मला 32 वर्षांत झालेला हा पहिला रोख फायदा.

पानावर एक सरकपट्टी असते. डावीकडे ठेवली की काटा 'कमजोर' दाखवतो, उजवीकडे सरकवाल तसा खूश होत जातो. त्या काट्यावर जाऊ नका. तो कंपनीचाच काटा, तो तुम्हाला उजवीकडेच नेणार. आधी त्याच केबिनचा त्या दिवशीचा सरळ भाव बघायचा, आपल्या केबिनचा वजा करायचा, आणि फरकाच्या निम्म्याच्याही आत थांबायचं. मी कमीत कमी आकड्याच्या थोडी वर गेले, माणशी 180 डॉलर. बोली पहिल्या दोघांचीच धरली, तिसऱ्या माणसाचं काही लागलं नाही. म्हणजे 360 डॉलर, तेव्हाचे साधारण 30,000 रुपये. एकट्यानं जाणाऱ्यालाही दोघांचे द्यावे लागतात, हे जाता जाता. कार्ड माझं घातलं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो लगेच भावाला विचारायला गेला असता.

निघायच्या 5 दिवस आधी जेवताना नवऱ्याच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. कार्ड माझं, पण बँकेत नंबर त्याचा, हे मी विसरलेच होते. त्याच मिनिटाला भावजींच्या फोनवर कंपनीचं अभिनंदन. दोघे भाऊ आपापल्या फोनकडे बघतायत, मी आमटी वाढतेय, पुतणी ताटात तोंड घालून बसलेली.

"वहिनी, माझ्या बुकिंगवर?"

"तुमचं नाही भावजी, आईंचं बुकिंग. तुमचा नुसता ईमेल."

त्यानंतर दोन दिवस घरात सगळे फार सभ्यपणे बोलत होते.

बोट चढलो, तर केबिन पार मागच्या टोकाला. आधीची आतली केबिन बोटीच्या मधोमध होती, लिफ्टपासून चौथं दार. ही लिफ्टपासून इतकी लांब की सासूबाई वाटेत दोनदा भिंतीची कांब धरून थांबायच्या. आणि आमच्या डोक्यावर बुफेचा मजला. पहाटे 5 ला खुर्च्या ओढायला सुरुवात. "मेल्यांका झोपा नाय," सासूबाई अंथरुणातून म्हणायच्या, आणि नवरा माझ्याकडे बघायचा. मी गेस्ट सर्व्हिसला जाऊन भांडले. तिथल्या मुलीनं हसतमुखानं सांगितलं की बोली मान्य झाली की खोली आम्ही ठरवतो, परतावा नाही, बदल नाही. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं, बँकेत 28 वर्षं नोकरी करून.

त्यामुळे गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर बोली लावूच नका, जास्त पैसे देऊन मधल्या भागातली, लिफ्टजवळची केबिन नंबर बघून घ्या. म्हणजे मी जे केलं ते करू नका. तरी मी पुन्हा तेच करीन, कारण ग्लेशियर बे या अलास्कातल्या हिमनद्यांच्या खाडीतला दिवस.

तिथे बोट धक्क्याला लागत नाही. नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती देतात. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी आत सोडतात. पाणी अगदी शांत. मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली आणि जागच्या जागी फिरली, दोन्ही बाजूंना दिसावं म्हणून. म्हणजे भावजींचं म्हणणं तसं खरंच होतं, डेकवरून सगळ्यांना फुकट दिसतं. पण त्या डेकवर कठड्याला माणसांच्या तीन रांगा होत्या आणि वारा कानात शिरत होता.

सासूबाई बाल्कनीत बसल्या. स्वेटर, वर शाल, वर केबिनचं ब्लँकेट, कानटोपी, हातात चहा. पाच तास. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आवाज नंतर येतो, लांबच्या मेघगर्जनेसारखा. तिथले त्लिंगित लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात, असं स्पीकरवर सांगत होते. सासूबाईंना ते इंग्रजी कळत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वरच्या डेकार असो वारो लागायचो तर." मग थोड्या वेळानं, "ह्याचे वायले पैसे पडले काय गो?"

मी म्हटलं, नाही.

साडेअकराच्या सुमारास दार वाजलं. भावजी, जाऊ, दोन्ही मुलं. "आईला बघायला आलो." दोन खुर्च्यांच्या बाल्कनीत सातजण. फोटो निघाले, मॅगी खाल्ली गेली, भावजी कठड्याला टेकून दुर्बिणीतून सील शोधत राहिले ते थेट जेवायच्या वेळेपर्यंत. आजही त्यांचा व्हॉट्सॲपचा फोटो तोच आहे, मागे मार्जरी, पुढे आमचा कठडा. आणि आजही घरात विषय निघाला की म्हणतात, "वहिनींनी 360 डॉलर पाण्यात घातले."

एक सांगायचं राहिलं. आम्हा तिघांची तिकिटं भावजींनीच काढली होती, आईच्या पंचाहत्तरीनिमित्त. विमानाचीसुद्धा. तेव्हा वरचं सगळं वाचताना ते लक्षात असू द्या.

तुमचं म्हणाल तर सिंगापूरच्या 4 रात्रींना अपग्रेडच्या मागे लागू नका, आतली ठेवा. दिवस पेनांग, फुकेतसारख्या बंदरांत उतरून फिरण्यात जातो, बोट चालते ती बरीचशी रात्री, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत बाल्कनीतून दिसणार काय, तर मालवाहू जहाजांची रांग. फुकेत असेल तर जुलैत तिथला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा खालच्या मजल्यावरची मधली केबिन बाल्कनीपेक्षा बरी. ज्यांना बोट लागते त्यांना विचारा. अलास्का, नॉर्वे अशा ठिकाणी गोष्ट वेगळी.

तरीही बोली लावायचीच असेल तर बँकेचं साडेतीन टक्क्यांपर्यंतचं परकीय चलन शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून आकडा ठरवा. मान्य होईपर्यंत बोली मागे घेता येते, नंतर नाही. आणि आज घरी गेल्यावर पहिलं काम, बुकिंगवर ईमेल कुणाचा घातलाय ते बघा.