आडव्या उतारावर गाडी कलली तर?

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर जीप आहे. मागच्या पावसाळ्यात भोरजवळ एका कच्च्या वाटेवर डोंगरउतार आडवा ओलांडताना गाडी खालच्या बाजूला कलली आणि वरच्या बाजूचे चाक क्षणभर उचलले गेले. अशा वेळी स्टिअरिंग चढाकडे वळवावे की उताराकडे? – एक वाचक, पुणे

उत्तर : गाडी पुढे जात असेल आणि खाली मोकळी जागा असेल, तर उताराकडे. मन उलटे सांगते; परंतु चढाकडे वळवल्यास आधीच दबलेल्या खालच्या चाकांवर आणखी भार येतो. उताराकडे वळवल्यास गाडी उताराच्या सरळ रेषेत येते आणि त्या दिशेने तिला चाकांचा लांब आधार मिळतो. खाली कडा असेल, तर हा उपाय उरत नाही. मग थांबावे, सोबत्यांना वरच्या बाजूने उतरवावे आणि आल्या चाकोरीतून हळूहळू मागे यावे.

गाडी उलटण्याचे कारण बहुधा केवळ डोंगराचा उतार नसतो. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेल्या गाडीचे खालचे चाक 30 सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले, तर कल सुमारे 11 अंशांनी वाढतो, आणि त्याच क्षणी वरचे चाक तेवढ्याच उंच दगडावर चढले, तर ही वाढ जवळजवळ दुप्पट होते. म्हणून 20 अंशांचा सोसण्याजोगा वाटणारा उतार पाहता पाहता 40 अंशांचा होतो. पावसाळ्यात गवत असे खड्डे झाकून टाकते, तेव्हा अशी वाट आधी पायी चालून, काठीने चाचपून पाहावी, हा माझा आग्रह आहे.

छतावरच्या कॅरिअरवर पाण्याचे कॅन आणि जादा टायर बांधण्याची हौस मला धोक्याची वाटते, कारण त्यामुळे गुरुत्वमध्य वर सरकतो. जड सामान गाडीच्या तळाशी, घट्ट बांधून ठेवावे.

चढ सरळ चढावा आणि सरळच उतरावा. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडले, तर तिथे गाडी वळवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. ब्रेक दाबून ठेवावा, लो रेंजमध्ये (फोर बाय फोर गाडीतील कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअर-जोडणीत) रिव्हर्स गिअर टाकून इंजिन सुरू करावे आणि सरळ मागे उतरावे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास इंजिनचा रोध मिळत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो.

वेग कितीही कमी असला तरी सर्वांनी सीट बेल्ट बांधावा. गाडी उलटू लागल्यास बाहेर उडी मारू नये, आणि आधारासाठी हात खिडकीबाहेर तर कधीच काढू नये.