समुद्र की नदी? शिरोळच्या एका डेव्हलपरची गोष्ट

"मॅडम, कोडिंग येतंय मला, पण ॲप बनवून कंटाळा आलाय. समुद्रविज्ञान घेऊ का नदी-भूजलाचं? स्कोप कशात जास्त आहे?" कोल्हापुरात माझ्याकडं करिअरच्या सल्ल्याला येणाऱ्या आयटीवाल्या पोरांत हा प्रश्न आता बऱ्यापैकी ओळखीचा झालाय. त्यातल्याच एकाचं सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मुलगा शिरोळ तालुक्यातला, नोकरी पुण्यात. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 43), तेव्हा आईवडलांना बोटीतनं बाहेर काढलेलं आणि हा पुण्यात अडकलेला, हायवे बंद. त्यामुळं नदीचंच काम करायचं हे त्यानं मनाशी धरलेलं, पण बोलताना चेहरा खुलायचा तो समुद्राचा विषय निघाला की.

स्कोपचं मी बाजूलाच ठेवलं. कारण हत्यारं दोन्हीकडं जवळपास तीच, पायथन, नेटसीडीएफच्या (हवामान-समुद्राचे आकडे साठवायच्या) फाईली, फोरट्रान ह्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली मॉडेल्स. 2022 च्या डिसेंबरमध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह तर समुद्राचीही पातळी मोजतो आणि मोठ्या नद्यांचीही. फरक आहे तो डेटात आणि माणसांत. समुद्रात आर्गो ह्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे हजारो फ्लोट (आपोआप मोजमाप करणारी यंत्रं) तरंगतायत, साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटर खोलीवरनं वर येताना तापमान, क्षारता मोजतात आणि तो डेटा कुणालाही फुकट मिळतो. नदीत मात्र माणूस मधी येतो, धरणाचे दरवाजे, ऊसाला पाणी उपसणारे पंप, कुणी किती उपसलं ह्याचा धड हिशोब नाही, म्हणजे कोड कमी आणि ऑफिसं, बांध, फोनाफोनी जास्त.

मग त्याला महिन्याचा गृहपाठ दिला, दोन शनिवार-रविवार नदीचा डेटा, दोन समुद्राचा.

परत आला तेव्हा मान खाली. नदीच्या आकड्यांपुढं अर्धा तास पण बसवेना म्हणाला, ऑगस्ट 2019 आला की छातीत धडधडायचं, आणि अरबी समुद्रातल्या फ्लोटचं तापमान मॉडेलशी ताडून बघता बघता पहाटेचे तीन वाजलेले. "पण मॅडम, गावाला सोडून पळाल्यासारखं वाटतंय."

मी म्हटलं, "अरे, पूर घरात आला म्हणून नदीचं कर्ज तुझ्या डोक्यावर बसत नाही." धडधडीवर आम्ही चार बैठका वेगळ्या घेतल्या, तो करिअरचा प्रश्नच नव्हता आणि मला वाटतं तेच खरं काम होतं. उलट गडहिंग्लजकडची एक मुलगी नदीकडं गेली, तिला गावोगाव फिरून माणसांशी बोलायलाच आवडायचं.

नोकरी लगेच सोडू नको हे त्याला निक्षून सांगितलं, कारण संशोधनात सुरवातीचा पगार आयटीपेक्षा बराच कमी असतो आणि ते घरी आधी बोलायला लागतं. हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्रात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कशावर काम चालतं ते वाच म्हटलं (नदीवाल्यांना मी रुरकीच्या जलविज्ञान संस्थेचं वाचायला सांगते), आणि द्रवगतिकी (वाहत्या पाण्या-हवेचं शास्त्र), डिफरन्शियल इक्वेशन आत्तापासून काढ.

आता रोज सकाळी तासभर गणित करतो. वडलांना त्यानं समजावलंय की आपल्या घाटावर कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरनंच बाष्प घेऊन येतो. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "ते झालं रं, पण आपल्या दारात पाणी कधी येणार ते सांगशील न्हवं?"